विश्लेषण : आगीचा बाण लागतो, पण राक्षस मरत का नाही? ‘डायब्लो २’मधल्या धनुर्धारिणीचा बावीस वर्षांचा हिशेब

बाण सुटतो. जमिनीवर आगीचा लोळ उठतो, राक्षसाच्या पायाशी ज्वाळा नाचू लागतात. पण पडद्यावर वरच्या बाजूला राक्षसाच्या नावाची जी पट्टी असते, तिच्यातला लाल रंग तसूभरही कमी होत नाही. नावाखाली तीन शब्द उमटलेले असतात : ‘इम्यून टू फायर’. म्हणजे आगीचा परिणाम शून्य. बाण एक मारा किंवा हजार मारा.

‘डायब्लो २’ या खेळात आगीच्या बाणांवर भिस्त ठेवणारी धनुर्धारिणी घडवणाऱ्या जवळपास प्रत्येकावर हा प्रसंग कधी ना कधी येतो. तोही अशा वेळी, जेव्हा त्याने त्या पात्रावर कित्येक आठवडे घालवलेले असतात. खेळ जून २००० मध्ये आला. या प्रसंगावर खेळातच धड उत्तर मिळायला सप्टेंबर २०२२ उजाडले. मधल्या काळात ‘आगीची धनुर्धारिणी घेऊ नका’ हा सल्ला इतक्यांदा दिला गेला, की तो या खेळाचा अलिखित नियमच बनला. तो सल्ला बरोबर होता का आणि चूक असलीच तर कुणाची होती, हे समजून घ्यायचे तर आधी आकडेमोड पाहावी लागेल.

‘बिल्ड’ म्हणजे नेमके काय?

ज्यांनी फक्त मोबाइलवर ‘बीजीएमआय’सारखे नेमबाजीचे खेळ खेळले आहेत, त्यांना इथला बाण फसवा वाटू शकतो. तिथे नेम खेळाडूच्या बोटांचा असतो. ‘डायब्लो २’ हा ॲक्शन रोल-प्लेइंग प्रकारातला खेळ आहे. इथे माऊसची चपळाई लागते, पण बाणाने राक्षसाचे किती नुकसान होणार हे पात्राच्या अंगी कोणती कौशल्ये किती भिनवली आहेत आणि अंगावर काय चढवले आहे यावर ठरते. या सगळ्या निवडींच्या गोळाबेरजेला ‘बिल्ड’ म्हणतात.

पात्राची प्रत्येक लेव्हल वाढली की एक स्किल पॉइंट मिळतो. लेव्हल ९९ ही कमाल मर्यादा. पहिली लेव्हल जन्मजात असल्यामुळे ९८ पॉइंट झाले. शिवाय काही कामगिऱ्यांबद्दल प्रत्येक काठिण्यपातळीवर ४ पॉइंट मिळतात. नॉर्मल, नाइटमेअर आणि हेल अशा तीन पातळ्या, म्हणून १२. एकूण ११०. एका कौशल्यात जास्तीत जास्त २० पॉइंट घालता येतात. म्हणजे पूर्ण भरलेली पाच कौशल्ये आणि वर थोडी चिल्लर, एवढेच आयुष्याचे भांडवल. प्रत्यक्षात लेव्हल ९९ गाठणारे मोजकेच. बहुतेकांचा डाव ८५ ते ९०च्या आसपास थबकतो, तेव्हा हाताशी शंभरच्या आगेमागे पॉइंट असतात.

खेळातल्या पात्रांपैकी धनुष्य आणि भाला ही शस्त्रे ॲमेझॉन या योद्धा स्त्रीची. तिच्या धनुष्याच्या शाखेत दोन मूलद्रव्यांचे बाण आहेत, आग आणि थंडी. त्यांच्या जोडीला निव्वळ शारीरिक इजा करणारे बाण. कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरताना जसे शाखेचे नाव ओळखीचे वाटले म्हणून ती वर टाकली जाते, तसेच इथेही होते. आग सगळ्यांना आवडते. पहिल्याच लेव्हलला ‘फायर ॲरो’ मिळतो, तो दिसतो झकास आणि सुरुवातीच्या राक्षसांना लोळवतोही. खेळाच्या पहिल्या अंकात भाड्याने मिळणाऱ्या रोग टोळीतल्या सोबतिणींपैकी काही जणी हाच बाण मारतात. नवख्या खेळाडूला त्यातून जो संदेश जायचा, तो जातोच.

आगीच्या तीन पायऱ्या कोणत्या?

‘फायर ॲरो’ ही पहिली. लेव्हल १२ला ‘एक्सप्लोडिंग ॲरो’ खुला होतो. हा बाण लागल्या ठिकाणी फुटतो आणि आजूबाजूच्यांनाही भाजतो. लेव्हल २४ला ‘इमोलेशन ॲरो’. तो फुटतो आणि वर जमिनीवर काही सेकंद जळत राहणारा विस्तव सोडून जातो. दारात किंवा अरुंद बोळात हा विस्तव पसरला की मागून येणारा प्रत्येक राक्षस त्यातून चालत येतो. या शाखेतली खरी मजा इथे आहे.

सुरुवातीला ही तीन कौशल्ये एकमेकांपासून सुटी होती. ‘इमोलेशन’ मिळाला की ‘फायर ॲरो’त घातलेले पॉइंट वाया गेल्यासारखे व्हायचे. ऑक्टोबर २००३ मध्ये आलेल्या १.१० आवृत्तीने ‘सिनर्जी’ आणली. म्हणजे एका कौशल्यातले पॉइंट दुसऱ्या कौशल्याला बळ देऊ लागले. त्या आवृत्तीच्या हिशेबात ‘फायर ॲरो’चा प्रत्येक पॉइंट ‘एक्सप्लोडिंग ॲरो’चे नुकसान १२ टक्क्यांनी वाढवतो. वीस पॉइंट घातले की २४० टक्के वाढ, म्हणजे मूळच्या ३.४ पट. ‘इमोलेशन’च्या स्फोटाला ‘एक्सप्लोडिंग’चा प्रत्येक पॉइंट १० टक्के देतो, त्यामुळे वीस पॉइंटांत स्फोट तिप्पट. जमिनीवरच्या विस्तवाला ‘फायर ॲरो’ दर पॉइंटमागे ५ टक्के देतो, म्हणजे तो दुप्पट.

इथे एक बारीक अट आहे, जी अनेकांच्या नजरेतून निसटते. सिनर्जीत फक्त स्वतः खर्च केलेले पॉइंट मोजले जातात. अंगठी, मुकुट किंवा धनुष्य यांनी दिलेली ‘अधिक तीन’ वगैरे वाढ त्या कौशल्याला मिळते, पण शेजारच्याला तिचा हिस्सा जात नाही. त्यामुळे आगीची धनुर्धारिणी करायची तर तिन्ही कौशल्यांत वीस-वीस ओतण्याला पर्याय उरत नाही. साठ पॉइंट तिथेच संपतात.

मग धनुष्य कशासाठी?

या बिल्डची सगळ्यात विचित्र आणि खरे तर सगळ्यात लोभस बाजू ही आहे. साध्या धनुर्धारिणीला सगळे बळ धनुष्यातून मिळते. धनुष्याचे नुकसान जितके जास्त, तितका तिचा बाण भारी. म्हणून ती महागडी धनुष्ये शोधत फिरते. ‘फेथ’ या रुनवर्डसाठी लागणारी ‘ओम’ आणि ‘जाह’ ही रुन्स नुसती पाहायला मिळावीत म्हणून लोकांनी महिने घालवले आहेत.

आगीच्या स्फोटाचे गणित मात्र धनुष्याकडे पाहतच नाही. ‘इमोलेशन’चा स्फोट किती मोठा हे कौशल्याची पातळी आणि सिनर्जी ठरवते. हातात साधे लाकडी धनुष्य असो की दंतकथेतले, आग तेवढीच. अपवाद ‘फायर ॲरो’चा. तो धनुष्याच्या शारीरिक नुकसानीचा काही हिस्सा आगीत बदलतो, वीस पॉइंटांना ४१ टक्के. बाकी दोघांना धनुष्यातून हवे असते ते कौशल्यांची पातळी वाढवणारे वरदान. म्हणूनच ‘कुको शाकाकू’ नावाचे लेव्हल ३३ला हाती धरता येणारे धनुष्य या बिल्डचे लाडके. त्यात ॲमेझॉनसाठी धनुष्याच्या सर्व कौशल्यांना अधिक ३, त्यावर ‘इमोलेशन’ला आणखी ३ आणि प्रत्येक बाण फुटणारा. गरिबाघरच्या धनुर्धारिणीला यापेक्षा चांगली भेट नाही.

याच गणिताची दुसरी बाजू तितकीच कठोर आहे. ‘क्रिटिकल स्ट्राइक’ हे ॲमेझॉनचे हुकमी कौशल्य नुकसान दुप्पट करते, पण फक्त शारीरिक. चपळाईचे पॉइंट बाणाची ताकद वाढवतात, तीही शारीरिकच. घावातून रक्त किंवा मना शोषून घेण्याची सोयही शारीरिक नुकसानीवरच चालते. आगीच्या धनुर्धारिणीला यातले जवळपास काहीच उपयोगी पडत नाही. तिची चपळाई धनुष्य पेलण्यापुरती पुरेशी. उरलेले सगळे पॉइंट तिने जीवनशक्तीत घालावेत आणि निळ्या बाटल्यांचा साठा जवळ बाळगावा.

आणखी एक अन्याय. चेटकीण असलेल्या सॉर्सरेसकडे ‘फायर मास्टरी’ आहे, जी तिच्या सगळ्या आगीला गुणते. ॲमेझॉनकडे असे काही नाही. गंमत अशी, की ‘एन्चांट’ हा मंत्र टाकून ‘डीमन मशीन’सारखे फुटणारे बाण सोडणारे क्रॉसबो चेटकिणीच्या हाती दिले, तर आगीच्या तिरंदाजीत ती मूळ धनुर्धारिणीला लाजवू शकते. ज्या पात्राला खेळाने धनुष्य दिले, त्याला आगीची विद्या अर्धवट दिली. जिला विद्या पूर्ण दिली, तिने धनुष्य उसने घेतले.

अडचण कुठे सुरू होते?

नॉर्मलमध्ये नाही, नाइटमेअरमध्येही फारशी नाही. खरी अडचण हेल या तिसऱ्या पातळीवर येते.

प्रत्येक राक्षसाला आग, थंडी, वीज, विष वगैरेंविरुद्ध प्रतिकार असतो आणि तो टक्क्यांत मोजतात. आगीला ५० टक्के प्रतिकार असलेल्या राक्षसाला १००० नुकसानीचा बाण लागला, तर ५०० बसते. प्रतिकार १०० किंवा त्याहून अधिक झाला की राक्षस ‘इम्यून’. हेलमध्ये असे राक्षस जागोजागी भेटतात. डायब्लोच्या गाभाऱ्यापुढच्या ‘केऑस सँक्च्युअरी’त व्हेनम लॉर्ड नावाची जात आहे, तिला आग लागतच नाही. या जातीचा म्होरक्या ‘इन्फेक्टर ऑफ सोल्स’ याला मारल्याशिवाय डायब्लो समोर येत नाही. स्वतः डायब्लोला आग लागते, पण त्याच्या दाराशी बसलेल्याला नाही. अवघे आयुष्य आगीत घातलेली धनुर्धारिणी इथे हात चोळत उभी राहते.

लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने पुन्हा दाखवलेल्या ‘रामायण’-‘महाभारत’ मालिका पाहिलेल्या कुणालाही हा तर्क परका वाटणार नाही. आग्नेयास्त्र सुटले की समोरून वारुणास्त्र येणारच. फरक इतकाच, की तिथल्या योद्ध्याच्या भात्यात दुसरे अस्त्र असायचे. इथल्या धनुर्धारिणीने साठ पॉइंट एकाच अस्त्रावर उधळलेले असतात.

‘मग थोडे पॉइंट शारीरिक बाणांवर ठेवायचे’, असे सहज सुचते. पण शारीरिक बाण म्हणजे पुन्हा महागडे धनुष्य. ज्या खर्चातून सुटका म्हणून आग निवडली, तोच खर्च मागच्या दाराने घरात येतो. त्यापेक्षा शहाणा मार्ग थंडीचा. ‘फ्रीझिंग ॲरो’त २०, त्याला बळ देणाऱ्या ‘कोल्ड ॲरो’त २०, वाटेतल्या ‘आइस ॲरो’त १. आगीचे ६० आणि त्या वाटेवरचे ‘मॅजिक ॲरो’ व ‘मल्टिपल शॉट’चे एकेक धरले, की बेरीज होते १०३. लेव्हल ९९च्या ११० मध्ये ती बसते. लेव्हल ८५च्या ९६ मध्ये बसत नाही. म्हणजे नेमके ज्या टप्प्यावर बहुतेक खेळाडू असतात, तिथे हे पात्र दोन्हीकडे अर्धे राहते. शिवाय आग आणि थंडी दोन्हींना दाद न देणारे राक्षसही आहेतच.

त्यात सोबतीने खेळण्याची आणखी एक मेख. एका डावात जितके खेळाडू जास्त, तितके राक्षसांचे आयुष्य वाढते. आठ जण असले की ते साडेचार पट होते. शारीरिक धनुर्धारिणी दरम्यान चांगले धनुष्य मिळवून पुढे सरकते. आगीचा आकडा मात्र कौशल्यांची पातळी संपली तिथे थांबतो. मित्रांच्या टोळीत तिचा बाण शोभेच्या फटाक्यासारखा दिसू लागतो.

चूक कुणाची?

इथे दोन पक्ष पडतात आणि दोघेही हट्टी आहेत.

पहिला पक्ष म्हणतो, निवड म्हटली की ती चुकण्याचा हक्कही आला. काहीही निवडा, सगळे सारखेच, असे असेल तर निवडीला काय अर्थ? ‘डायब्लो २’ची जादूच ही, की त्यात पात्र बिघडू शकत होते. म्हणून नीट जमलेल्या पात्राची किंमत होती.

या म्हणण्यात तथ्य आहे, पण त्याकाळी बिघडणे म्हणजे काय होते, हे लक्षात घ्यायला हवे. मार्च २०१० मध्ये १.१३ आवृत्ती येईपर्यंत घातलेला पॉइंट परत घेण्याची सोय खेळात नव्हती. तब्बल दहा वर्षे. पात्र चुकले तर एकच उपाय, नवे पात्र काढून पहिल्या गावापासून सुरुवात. त्यामुळे जाणते खेळाडू पॉइंट खर्चच करत नसत. लेव्हल २४ किंवा ३० येईपर्यंत ते साठवून ठेवत आणि तोवर कमजोर पात्र रेटत नेत. खेळ मजेसाठी विकत घ्यायचा आणि त्यातला पहिला तृतीयांश भाग काटकसरीत काढायचा, असा तो संसार होता.

आणि मुख्य मुद्दा माहितीचा. ‘फायर ॲरो’वर माऊस नेला की खेळ त्याचे नुकसान सांगतो, मना किती लागेल ते सांगतो. तिसऱ्या पातळीवर कितीतरी राक्षसांवर हे कौशल्य शून्य चालेल, हे कुठेच सांगत नाही. कोणत्या राक्षसाला किती प्रतिकार, हे आकडे खेळाच्या बाहेर, कंपनीच्याच संकेतस्थळावर, तक्त्यांत मांडलेले होते. ज्याने ते वाचले तो वाचला. ज्याने खेळावर विश्वास ठेवून खेळातच शिकायचे ठरवले, तो ‘केऑस सँक्च्युअरी’च्या दाराशी अडकला. ही शिक्षा अविचाराची म्हणता येणार नाही. अविचारासाठी आधी विचार करायला काहीतरी समोर असावे लागते.

याउलट उदाहरण न्यूझीलंडच्या ग्राइंडिंग गिअर गेम्सने २०१३ मध्ये आणलेल्या ‘पाथ ऑफ एक्झाइल’मध्ये सापडते. त्यात ‘अवतार ऑफ फायर’ नावाची एक निवड आहे. ती घेतली की बाकीच्या नुकसानीचा हिस्सा आगीत बदलतो आणि आगीशिवाय दुसरे कोणतेही नुकसान पात्राकडून होत नाही. शर्त भयंकर आहे, पण ती निवडीच्याच चौकटीत स्पष्ट लिहिलेली आहे. वाचून सही करायची. चुकलात तर चूक तुमची. ‘डायब्लो २’ने हाच करार केला, फक्त शेवटचे कलम दुसऱ्या कागदावर छापले.

दुसरे टोक ‘डायब्लो ३’चे. २०१२ मध्ये आलेल्या या खेळात कौशल्ये केव्हाही बदलता येतात आणि आगीला पूर्णपणे दाद न देणारे राक्षसच नाहीत. तिथल्या डीमन हंटरने आग निवडली काय किंवा थंडी, फरक उरतो तो मुख्यतः अंगावरच्या वस्तू कोणत्या मूलद्रव्याला बळ देतात याचा. कुणाचेही आठवडे वाया जात नाहीत हे खरे. पण तिथे घडवलेल्या धनुर्धराची आठवण सांगताना लोक वस्तूंची नावे सांगतात, निवडींची नाही. दुसऱ्या पक्षाला, म्हणजे ‘सगळे काही बदलता आले पाहिजे’ म्हणणाऱ्यांना, याचे उत्तर देता येत नाही.

२०२२ मध्ये काय बदलले?

जुना खेळ नव्या रूपात ‘डायब्लो २ : रिझरेक्टेड’ या नावाने सप्टेंबर २०२१ मध्ये आला. मूळ खेळ घडवणारा ब्लिझर्ड नॉर्थ हा स्टुडिओ २००५ मध्येच बंद झाला होता. त्यामुळे जुन्या नियमांना हात लावायचा की नाही, यावर जुने खेळाडू डोळ्यांत तेल घालून बसले होते. एप्रिल २०२२ च्या २.४ आवृत्तीने हात लावला. ‘इमोलेशन ॲरो’ एकदा मारला की पुढचा मारण्याआधी सक्तीने थांबावे लागे, ती अट काढली. ऐकायला लहान गोष्ट. पण त्या थांब्यामुळेच हे कौशल्य वर्षानुवर्षे हौशी लोकांपुरते राहिले होते. आता विस्तवाचा पट्टाच अंथरता येऊ लागला.

खरा बदल त्यानंतरच्या २.५ आवृत्तीत, सप्टेंबर २०२२ मध्ये झाला. ‘टेरर झोन’ नावाचे अवघड केलेले भाग आले आणि तिथल्या मोठ्या राक्षसांकडून ‘संडर चार्म’ मिळू लागले. प्रत्येक मूलद्रव्यासाठी वेगळा. आगीच्या चार्मचे नाव ‘फ्लेम रिफ्ट’. तो थैलीत असला की आगीला इम्यून असलेल्या राक्षसाचा प्रतिकार ९५ टक्क्यांवर येतो.

९५ म्हणजे शंभरातले फक्त ५ नुकसान बसणार. पहिल्या नजरेला ही क्रूर थट्टा वाटते. पण शंभराच्या जवळच्या टक्क्यांचे गणित निराळे वागते. प्रतिकार ५० वरून ४५ झाला तर नुकसान ५० चे ५५ होते, वाढ दहा टक्क्यांची. प्रतिकार ९५ वरून ९० झाला तर ५ चे १० होतात, म्हणजे थेट दुप्पट. भिंतीला पडलेली पहिली फट सगळ्यात मोलाची, हे इथे आकड्यांत दिसते.

ती फट रुंद करायची साधने जुनीच आहेत. भाडोत्री सोबत्याच्या हाती ‘इन्फिनिटी’ दिले, तर त्यातला लेव्हल १२ चा ‘कन्व्हिक्शन’ ऑरा आसपासच्या राक्षसांचा प्रतिकार ८५ ने घटवतो. मूळच्या इम्यून राक्षसांवर मात्र त्याचा एक पंचमांशच परिणाम होतो, म्हणजे १७. राहिले ७८. आगीचे ‘रेनबो फॅसेट’ हे रत्न प्रत्येकी ५ पर्यंत प्रतिकार कमी करते. उत्तम प्रतीची चार बसवली तर आणखी २०. राहिले ५८. म्हणजे ४२ टक्के नुकसान आत जाते. जिथे शून्य होते, तिथे ४२. नुसत्या चार्मच्या तुलनेत आठपटीहून अधिक.

‘संडर’वर जुन्या खेळाडूंचा आक्षेप असा, की त्याने इम्युनिटीची भीती संपवली, आता कुणीही कुठेही जाऊ शकतो. आक्षेप पूर्ण पटणारा नाही. कारण ‘फ्लेम रिफ्ट’ फुकट काम करत नाही. तो थैलीतली तीन घरे अडवतो आणि बाळगणाऱ्याचा स्वतःचा आगीचा प्रतिकार मोठ्या प्रमाणात कापतो. हेलमध्ये प्रत्येक पात्राच्या प्रतिकारातून आधीच १०० वजा झालेले असतात. ॲन्याच्या कामगिरीतून तिन्ही पातळ्यांवर मिळून ३० परत मिळतात. ७५ ही कमाल मर्यादा गाठायला एरवीच १४५ वस्तूंमधून जमवावे लागतात. चार्म आला की तो खड्डा आणखी खोल होतो. आगीने मारायचे असेल, तर आगीने मरण्याची तयारी ठेवा, असा हा व्यवहार आहे. तो चार्मवर आकड्यांत लिहिलेला आहे आणि घ्यायचा की नाही हे खेळाडूच्या हातात आहे. खटकणारी गोष्ट दुसरीच. हा चार्म मिळतो हेलच्या टेरर झोनमध्ये, म्हणजे ज्याला त्याची सर्वाधिक गरज आहे त्याने आधी त्याच्याशिवाय तिथवर पोचायचे.

आज ही धनुर्धारिणी घडवायची तर?

नॉर्मलमध्ये पॉइंट साठवत बसण्याचे दिवस गेले. १.१३ पासून ‘डेन ऑफ इव्हिल’ ही पहिलीच कामगिरी पूर्ण केली, की अकारा एकदा सगळे पॉइंट मोकळे करून देते. प्रत्येक पातळीवर एकदा, म्हणजे तीनदा. त्यामुळे ‘फायर ॲरो’ आणि ‘एक्सप्लोडिंग ॲरो’ बेधडक वापरावेत, लेव्हल २४ आली की ‘इमोलेशन’ भरू लागावे. लेव्हल ३३ला ‘कुको शाकाकू’ मिळाले तर नाइटमेअर अक्षरशः धुरात जाते. दारे आणि पूल शोधायचे, ‘डीकॉय’ किंवा ‘वाल्किरी’ पुढे उभी करायची, राक्षस तिथे गोळा झाले की त्यांच्या पायाखाली विस्तव टाकायचा. पळत्या राक्षसावर ‘इमोलेशन’ मारणे म्हणजे निम्मी आग फुकट घालवणे.

खरी परीक्षा हेलच्या सुरुवातीला, चार्म मिळण्याआधी. या टप्प्यावर पहिली मोकळीक खर्च करून थंडी आणि आग असा जोड घ्यावा. ‘इमोलेशन’ला पूर्ण २०, ‘एक्सप्लोडिंग’ला २०, ‘फ्रीझिंग’ला २०, उरलेले ‘फायर ॲरो’ आणि ‘कोल्ड ॲरो’त वाटून. कुठेही सर्वोत्तम नाही, पण कुठे पूर्ण अडकणारही नाही. जिथे आग आणि थंडी दोन्ही थिट्या पडतात, तिथून सरळ पुढे निघून जावे. यात कमीपणा नाही, सगळेच तसे करतात. गुप्त गायींच्या मेळ्यात मात्र मनसोक्त हात मोकळा करावा. हेलमधल्या साध्या गायींना आग लागते आणि त्या घोळक्याने अंगावर येतात, म्हणजे विस्तवाला हवे ते आयते समोर.

‘फ्लेम रिफ्ट’ हाती आला की दुसरी मोकळीक वापरून थंडीचे पॉइंट काढून घ्यावेत आणि पुन्हा पूर्ण आग. उरलेले पॉइंट ‘वाल्किरी’ आणि ‘पिअर्स’कडे. तिसरी मोकळीक राखून ठेवावी. ती संपली तर हेलमधल्या मोठ्या राक्षसांकडून चार प्रकारची सत्त्वे गोळा करून ‘टोकन ऑफ ॲब्सोल्यूशन’ बनवता येते, पण त्यातले एक सत्त्व डायब्लोकडूनच मिळते आणि डायब्लोच्या आधी कोण बसले आहे, ते वर आलेच आहे.

‘फ्लेम रिफ्ट’ थैलीत आणि चारही रत्ने जागेवर असतील, तर त्या ‘इन्फेक्टर ऑफ सोल्स’समोर आज काय होते? नावाखालचे तीन शब्द दिसत नाहीत. विस्तव पेटतो, पट्टीतला लाल रंग सरकू लागतो. सावकाश सरकतो. थंडीवाली किंवा वीजवाली तेवढ्या वेळात पुढच्या खोलीत पोचलेली असते. आगीची धनुर्धारिणी अजून दाराशीच असते, प्रतिकार कापला गेल्यामुळे समोरून येणाऱ्या ज्वाळांपासून अंग चोरत, एकेक बाण मोजत.